घोड्याच्या पोटात अडकलेली गोळी (वृषण) आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: सोलापूरकडच्या घोडेवाल्यांसाठी

‘खस्सी आहे (म्हणजे गोळ्या काढलेला), गरीब आहे’ असं सांगून विकलेला घोडा घरी आल्यावर घोडीच्या वासानं दावण तोडायला लागला, तर त्याच्या स्वभावाला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडून त्याच्या जांघा तपासून घ्या. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. तिथे लोक अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, देवमण हा शुभ भोवरा बघतात, ओठ उचलून दातांवरून वय काढतात, रेवाल चाल पळवून बघतात. दोन्ही गोळ्या खाली उतरल्यात का, हे बघणारे मात्र थोडे. मग कुणीतरी खाली असलेली एकच गोळी काढून टाकलेली असते, दुसरी पोटात तशीच राहिलेली असते आणि जनावर खस्सी म्हणून दावणीला येतं.

पोटातली ही गोळी बीज तयार करत नाही, कारण शरीराची आतली उष्णता तिला मानवत नाही. नराचं संप्रेरक मात्र ती बनवतच राहते. त्यामुळे घोडा गाभ धरवू शकत नाही, पण वागतो पुरता आंडील, म्हणजे गोळ्या न काढलेल्या घोड्यासारखा. वरातीत बँडच्या पुढे, वारीच्या गर्दीत किंवा चार घोड्या बांधलेल्या पागेत असं जनावर धोक्याचं. आतल्या गोळीत पुढे गाठ होण्याची किंवा तिला पीळ पडण्याची शक्यताही असते.

यावरचा आजचा चांगला उपाय म्हणजे घोडा उभा ठेवून, भकाळीत (बरगड्या आणि कमरेच्या हाडामधल्या कुशीत) छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीनं ती गोळी काढणं. पण यात सर्जनचं काम तास-दीड तासाचं असतं. आधीचे काही आठवडे आणि नंतरचा महिना मालकाचा. हा लेख मुख्यतः त्या भागासाठी आहे.

आधी निदान पक्कं करा

शिंगराच्या गोळ्या जन्मावेळी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खाली येतात. पोटातून जांघेत उतरण्याचं कडं पुढे आवळत जातं. जी गोळी तोवर पोटातच राहिली ती नंतर सहसा उतरत नाही. जी जांघेपर्यंत आली पण खालच्या पिशवीत (अंडकोशात) पोचली नाही, ती मात्र दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंतही कधी कधी उतरते. म्हणून वर्षाच्या शिंगरासाठी घाई नको आणि तीन वर्षांच्या घोड्यासाठी आशेवर बसणं नको.

डॉक्टर तपासतील तेव्हा घोड्याला हलकी गुंगी द्यायला सांगा. घाबरलेला घोडा गोळी वर ओढून घेतो आणि हाताला लागत नाही. गुंगीत अंग सैल पडलं की जांघेतली गोळी चाचपता येते. त्यानंतर सोनोग्राफी, गरज पडली तर गुदद्वारातून हात घालून तपासणी. डावीकडची गोळी अडकली तर ती पोटात असण्याची शक्यता जास्त असते, उजवीकडची बऱ्याचदा जांघेत सापडते. हा फक्त अंदाज आहे, त्यावर विसंबून चीर देत नाहीत.

‘खस्सी’ म्हणून घेतलेल्या आणि हाताला काहीच न लागणाऱ्या घोड्याचं काय? त्याच्यासाठी रक्ततपासणी आहे. एक पद्धत अशी की आधी रक्त घेतात, मग एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन ठरलेल्या वेळांनी पुन्हा घेतात. टेस्टोस्टेरॉन (नराचं संप्रेरक) वाढलं तर आत गोळी आहे. दुसरी एएमएच नावाच्या संप्रेरकाची तपासणी. ती एकाच नमुन्यात होते, पण सगळ्या प्रयोगशाळांत होत नाही. हा खर्च वाचवू नका. काही घोडे खरोखर खस्सी असूनही सवयीनं घोडीवर चढतात. त्यांच्या पोटात दुर्बीण घालून काही मिळणार नसतं.

गोळी जांघेत आहे असं नक्की झालं, तर दुर्बिणीची गरजच नाही. जांघेतून छोट्या चिरेनं ती निघते. ‘दुर्बिणीनंच करा’ असा आग्रह धरू नका. ते स्वस्तही नाही आणि तिथे उपयोगाचंही नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गावात कुणी ‘खालची एक आत्ता काढून टाकू, वरची नंतर बघू’ म्हणालं, तर नको म्हणा. खालची काढली की वरची आहे याची बाहेरून खूणच उरत नाही. घोडा दोन बाजार फिरला की ते कुणालाच ठाऊक नसतं. आधी अडकलेली काढायची, मग खालची, शक्यतो एकाच वेळी.

पाडून की उभ्यानं

जुनी पद्धत म्हणजे पूर्ण भूल देऊन घोडा पाठीवर पाडायचा आणि जांघेतून किंवा पोटाला चीर देऊन आत हात घालून गोळी शोधायची. ती चुकीची नाही, आजही होते. पण साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पाठीवर पडलं की आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो, स्नायू आणि नसा दबतात आणि भुलीतून उठताना धडपडून पाय मोडण्याची भीती असते. जगभरच्या मोठ्या पाहण्यांत घोड्यांच्या पूर्ण भुलीतलं मृत्यूचं प्रमाण शंभरात सुमारे एक असं आलं आहे. कुत्र्या-मांजरांपेक्षा हे खूपच जास्त.

उभ्या घोड्यात हे सगळं टळतं, आणि आणखी एक सोय होते. आतडी वजनानं खाली लोंबतात आणि कण्याखालचा, कमरेकडचा भाग मोकळा दिसतो. मूत्रपिंड, प्लीहा, घोडीचा बीजांडकोश आणि नराच्या गोळीची वाट, हे सगळं तिथेच आहे. म्हणूनच हीच रीत इतर कामांनाही वापरतात. घोडीच्या बीजांडकोशाची गाठ काढायला, पोटातल्या अवयवाचा तुकडा तपासायला घ्यायला, आणि डाव्या मूत्रपिंड-प्लीहेमधली फट शिवायला. या फटीत मोठं आतडं पुन्हा पुन्हा अडकून पोटशूळ उठतो. पण पोटशूळ चालू असलेला, आतडी फुगलेला घोडा दुर्बिणीसाठी योग्य नव्हे. फुगलेल्या आतड्यात छिद्र पडण्याचा धोका असतो आणि आत दिसतही नाही.

उभ्यानं करण्यासाठी घोडा मात्र खोड्यात (जनावर अडवून उभं ठेवायच्या चौकटीत) उभा राहणारा हवा. पोटाला हात लागताच लाथा झाडणारं, कधी माणसाळलेलंच नाही असं जनावर गुंगीतही विश्वासाचं नसतं. तुमचा घोडा असा असेल तर सर्जनला आधीच सांगा. लपवलंत तर ऐनवेळी सगळ्यांच्या जिवाशी खेळ होतो.

कुठे न्यायचं, फोनवर काय विचारायचं

सुरुवात तालुक्याचा दवाखाना किंवा सोलापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयापासून करा. तिथून तपासणी आणि चिठ्ठी घेऊन पुढे जा. शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयं हा पहिला पर्याय: माळशिरस-अकलूजकडच्यांना फलटण-लोणंद मार्गे शिरवळ जवळ, अक्कलकोटच्या बाजूच्यांना कर्नाटकातलं बिदर सोयीचं, शिवाय मुंबईत परळ. पुण्या-मुंबईत शर्यतीच्या घोड्यांमुळे खास घोड्यांचे डॉक्टरही आहेत. पण इमारत आहे म्हणजे उभ्या घोड्यातली दुर्बीण तिथे नेहमी होते असं धरून निघू नका. फोन करा आणि हे विचारा:

- उभ्या घोड्यात दुर्बिणीनं गोळी काढण्याचं काम तुमच्याकडे नेहमी होतं का, आणि ते कोण करतं?
- दुर्बीण घोड्याच्या लांबीची आहे का? माणसांची साधारण तेहेतीस सेंटीमीटरची असते, घोड्याला सत्तावन्न-साठ सेंटीमीटरची लागते.
- रक्तवाहिनी कशानं बंद करता: सीलिंग यंत्रानं की दोऱ्याच्या फासानं?
- दुर्बिणीनं जमलं नाही तर त्याच वेळी उघडून करण्याची तयारी आहे का?
- घोडा किती रात्री ठेवाल, मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) राहता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाला तुसडं उत्तर आलं तर मी तरी तिथे घोडा नेणार नाही. माणसांच्या दवाखान्यातला संच उसना आणून काम भागवणारे असतात. छोट्या तट्टावर ते कधी जमतंही, मोठ्या मारवाडी घोड्यात टोकच पोचत नाही. चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दुर्बिणीचं काम कधी कधी अर्ध्यात बदलावं लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खर्च विचारताना एक आकडा घेऊन फोन ठेवू नका. गुंगीची औषधं, शस्त्रक्रिया, राहणं, नंतरची औषधं आणि खालची गोळी काढणं, हे वेगवेगळं विचारा. खालच्या गोळीचे पैसे त्यात धरलेत का यावरून नंतर वाद होतात.

हंगाम

आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर. तेव्हा प्रवास आणि उपास दोन्ही जनावराला जड जातात. पावसाळ्यात माश्या आणि चिखल. शरीराच्या दृष्टीनं मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम, पण तुळशीच्या लग्नानंतर वरातीची कमाई सुरू होते आणि कुणी घोडं बसवून ठेवायला तयार नसतं. माझं मत विचाराल तर दसऱ्यानंतर लगेच करून टाका. चैत्र-वैशाखाइतकं ऊन नसतं, माश्या कमी होत आलेल्या असतात आणि लग्नाच्या तारखा लागेपर्यंत महिनाभर मिळतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रवास रात्रीचा करा.

कागद आणि लस

दोन गोष्टींना वेळ लागतो, म्हणून त्या आधी सुरू करा. पहिली ग्लँडर्स. हा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होतो, सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित जनावर कायद्यानं नष्ट करावं लागतं. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासतात. चांगला दवाखाना हा अहवाल मागणारच, आणि आपला घोडा शेजारच्या आजारी घोड्याशेजारी बांधला जाऊ नये म्हणून तुम्हीही तसा दवाखाना निवडावा. दुसरी धनुर्वात. या रोगाला घोड्याइतकं हळवं जनावर दुसरं नाही. पूर्वी कधी लस दिलेली नसेल तर दोन डोस महिन्याच्या अंतरानं लागतात, म्हणजे आदल्या दिवशी आठवण येऊन उपयोग नाही. दिलेली असेल तर तारीख कागदावर घेऊन जा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असली तर डॉक्टर बूस्टर देतील.

वाहतुकीसाठी घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत ठेवा.

प्रवास आणि उपास

इथे मालकांकडून सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. ऑपरेशन आहे म्हणून लोक घरूनच घोडा उपाशी काढतात, टेम्पोत पाणीही देत नाहीत, आणि दवाखान्यात पोचल्यावर रात्री मोतद्दाराला दया येऊन मूठभर हरभरा जातो. नेमकं उलटं व्हायला हवं.

निघण्याआधी दोन-तीन दिवस ज्वारीचा वाळला कडबा बंद करा, चंदी (दाणा) निम्म्यावर आणा. मालदांडीचा कडबा बैलाला उत्तम, पण घोड्याच्या आतड्यात ही जाड धाटं पाणी कमी पडलं की दगडासारखी बसतात. त्याऐवजी मऊ हिरवं गवत, थोडं लसूणघास, भिजवलेला गव्हाचा कोंडा द्या.

सोलापूरहून पुण्याच्या बाजूला अडीचशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. गाडीत खाली गवत किंवा वाळू, घसरणारा पत्रा नको. म्होरकीचा दोर इतका लांब ठेवा की घोड्याला मान खाली घालून नाक झाडता येईल. तासन्‌तास मान उंच बांधून ठेवली की घशातली घाण फुप्फुसात उतरते आणि चार दिवसांनी ताप चढतो. मग तो ऑपरेशनचा ताप की प्रवासाचा, कुणाला कळत नाही. दर तीन तासांनी थांबून पाणी दाखवा. शस्त्रक्रियेच्या किमान आदल्या दिवशी सकाळी पोचलंच पाहिजे.

उपास दवाखान्यात, डॉक्टर सांगतील त्या घटकेपासून. साधारण चोवीस तास, काही सर्जन छत्तीस तासही सांगतात. आतडं रिकामं झालं की आत जागा मिळते आणि छिद्र पाडताना इजा होत नाही. पाणी मात्र बंद करायचं नाही, जोवर डॉक्टर सांगत नाहीत. घोडा भुकेनं खालचा पेंढा खातो, म्हणून अंथरूण काढा किंवा तोंडाला मुसकी बांधा. पाणी पिताना ती सोडायची आठवण ठेवा.

खोड्यात काय होतं

तुम्हाला आत उभं राहू देतील न देतील, पण काय चाललंय हे कळलं तर धीर राहतो.

घोडा खोड्यात घेऊन मानेच्या शिरेत सुई बसवतात. डेटोमिडीन हे गुंगीचं औषध आणि सोबत दुखणं मारणारं औषध देतात, मग तेच सलाईनमधून थेंब थेंब चालू ठेवतात. घोड्याची मान खाली जाते, खालचा ओठ लोंबतो, घाम येतो, तो भरपूर लघवी करतो. हे सगळं औषधाचं काम. मान आधारावर टेकवतात, नाहीतर डोकं खाली राहून नाकात सूज येते. भकाळीचे केस काढून, धुऊन, जिथे छिद्र पाडायचं तिथे त्वचेपासून स्नायूंपर्यंत बधिर करतात.

ज्या बाजूची गोळी अडकली त्या बाजूच्या भकाळीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, साधारण तीन छिद्रं घेतात. एक दुर्बिणीचं, दोन हत्यारांची. डावीकडे प्लीहा असते, उजवीकडे मोठ्या आतड्याचं बूड. पहिलं छिद्र पाडताना सर्जनचं सगळं लक्ष त्यांना चुकवण्यात असतं. नळीतून कार्बन डायऑक्साइड आत सोडून पोट थोडं फुगवतात. हा वायू शरीरात लवकर शोषला जातो आणि यंत्राच्या उष्णतेनं पेट घेत नाही.

मग पडद्यावर जांघेचं कडं दिसतं. गोळीची नळी त्या कड्यातून खाली उतरलेली दिसली, तर गोळी पोटात नाही, जांघेत आहे. तिथेच पोटातलं काम थांबवून वाट बदलायची. नळी आतच असेल तर जवळच गोळी सापडते, सहसा लहान आणि लिबलिबीत. तिला ज्या पडद्यानं धरलेलं असतं त्यात आधी बधिर करणारं औषध टोचतात. हे टोचल्याशिवाय ओढलं तर गुंगीतला घोडाही उसळतो. रक्तवाहिनी बंद करून, कापून, रक्त येत नाही ना हे पाहून, एक छिद्र जरा मोठं करून गोळी बाहेर घेतात. वायू सोडून देतात, स्नायूवरचं आवरण आणि त्वचा शिवतात. त्यानंतर पिशवीतली गोळी.

पहिली रात्र

मान वर धरून, ओठ आवळून घोडा इकडेतिकडे बघायला लागेपर्यंत तोंडात काही देऊ नका. गुंगीत गिळताना चारा घशात अडकतो. त्यानंतर मूठभर हिरवं गवत, दोन तासांनी पुन्हा मूठभर. भुकेलेला आहे म्हणून पाटीभर टाकलीत तर आतडी तुंबतात, कारण गुंगीच्या औषधांनी त्यांची हालचाल मंदावलेली असते. पहिली लीद यायला उशीर होतो, पण दुसऱ्या दिवशी तरी ती यायलाच हवी. चंदी तीन-चार दिवस नाही, मग मूठ-मूठ वाढवत.

छिद्रांभोवती कातडीखाली हात दाबला की करकर वाजतं. आत राहिलेला वायू आहे, काही दिवसांत जिरतो. थोडी सूजही चालते. उतरलेली गोळी खालून काढली असेल तर पिशवीला सूज येणारच. तिथे एक पेच आहे: खालची जखम निचरा होण्यासाठी चालणं मागते, भकाळीचे टाके विश्रांती मागतात. म्हणून हातात धरून सावकाश फिरवणं, दुसऱ्या दिवसापासून, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं. पळवणं नाही, मोकळं सोडणं नाही.

सकाळ-संध्याकाळ ताप आणि नाडी वहीत लिहा. निरोगी घोड्याचं तापमान ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते. ताप १०२ च्या वर, विसाव्यातही नाडी ५० च्या वर, चोवीस तास लीद नाही, पोटाकडे वळून बघणं किंवा लोळणं, हिरड्या पांढऱ्याफटक, टाक्यातून किंवा पिशवीतून धार लागलेलं रक्त, पिशवीतून लोंबणारं आतडं वा पडदा: यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन.

नंतरचा महिना

डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध ठरल्याइतकंच द्या. त्यावर आपलं आणखी एक इंजेक्शन चढवलं की घोड्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासूनच बंद आहे, गिधाडांचा त्यानं संहार झाला म्हणून; मेडिकलमधून माणसांची बाटली आणून टोचू नका. टाक्यांवर हळद-तेल, राख, तंबाखूचं पाणी काही नको. कोरडं ठेवा, माश्या बसू देऊ नका, घोडा टाके चावत असेल तर सैल झूल घाला.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. दोन आठवडे स्वारी नाही. साधं काम तीन आठवड्यांनंतर, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून नाचणाऱ्या घोड्याला महिना पूर्ण होऊ द्या, कारण त्या उड्यांत सगळा ताण भकाळीवर येतो. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला यापेक्षा कितीतरी जास्त बसून राहावं लागतं, तेव्हा महिन्याची कुरकुर करू नका.

वागण्यातला फरक लगेच दिसणार नाही. रक्तातलं संप्रेरक उतरायला आठवडे लागतात. गोळी खाली असलेल्या घोड्याच्या नळ्यांत जुनं बीजही उरलेलं असतं, म्हणून दीड-दोन महिने घोड्यांपासून, म्हणजे माद्यांपासून, दूर बांधा. सहा-सात वर्षं आंडील राहिलेल्या घोड्याच्या काही खोडी कायम राहतात. तिथे लगाम आणि मोतद्दाराची शिकवणच कामाला येते.

काही जण विचारतात, घोडा जातिवंत आहे, तर ऑपरेशनआधी खालच्या एका गोळीवर दोन-चार घोड्या भरून घेऊ का? फळेल, पण घेऊ नका. हा दोष वंशातून उतरत असावा असं मानायला पुरेशी कारणं आहेत, आणि तसली शिंगरं पुन्हा कुणाच्या तरी दावणीला ‘खस्सी’ म्हणून जाणार.

निघताना दवाखान्याकडून कागद मागून घ्या. त्यावर घोड्याचा रंग, खुणा, भोवरे, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, तारीख, कोणत्या बाजूची गोळी पोटातून काढली आणि कोणती पिशवीतून, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. काढलेल्या दोन्ही गोळ्यांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. शंका असेल तर तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. पुढे घोडा विकलात तर हा कागद घोड्याबरोबर द्या, आणि तुम्ही कधी खस्सी घोडा घ्यायला गेलात तर असाच कागद मागा. तो नसेल तर भाव ठरवताना एका रक्ततपासणीचा खर्च त्यातून कापून घ्या.